घरी करायचं कोविड टेस्ट किट, पाचचा बॉक्स: साडेतीन तारे, पण कारण सांगायला जरा वेळ लागेल

पहिलंच सांगून टाकते, किट खराब नाहीये. किटने किटचं काम केलं. तक्रार बरीचशी माझी माझ्यावरच आहे, कारण मी हा बॉक्स टेस्ट करायला घेतलाच नव्हता, जिवाची धाकधूक थांबावी म्हणून घेतला होता, आणि ती सोय या बॉक्समध्ये नसते. बॉक्समध्ये असतात पाच कॅसेट (निकालाच्या रेघा जिच्यावर उमटतात ती प्लॅस्टिकची चपटी डबी), नाकात घालायच्या पाच काड्या, द्रव भरलेल्या पाच छोट्या नळ्या, त्यांची टोपणं, आणि एक माहितीपत्रक, ज्याची घडी एकदा उघडली की परत जन्मात तशी बसत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळे किट आतून जवळपास सारखेच असतात आणि मी जे सांगणार आहे ते कुठल्याही बॉक्सला लागू पडेल.

तर झालं असं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका मंगळवारी ठरलं होतं. ताई परदेशातून येणार होती, तीन वर्षांनी, आणि तिला रजा मिळाली होती मोजून बारा दिवस. आम्ही दोघं शनिवारी सकाळी निघणार, आठ तासांचा प्रवास, रविवारी सगळे एकत्र, सोमवारी तपासण्या, मंगळवारी ऑपरेशन. आई 78 वर्षांची आहे, फुप्फुसं आधीच नाजूक, साधी सर्दी झाली तरी तिला खोकला महिनाभर पुरतो. त्यामुळे मी अगदी शहाण्यासारखा हिशोब मांडला की बूस्टर घेतल्यावर शरीराला तयारीला एक ते दोन आठवडे लागतात, मग निघायच्या तेरा दिवस आधीचा रविवार धरून डोस घेतला, कॅलेंडरवर गोल केला. नवरा म्हणाला, अगं आता कोण घेतं बूस्टर, जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 लाच आणीबाणी संपली म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, आणीबाणी संपली म्हणाले, विषाणू संपला असं नाही म्हणाले. आता हे वाक्य मी फार ऐटीत टाकलं होतं, पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

बॉक्समधला पहिला किट मी त्याच रात्री वाया घालवला. डोस सकाळी घेतला, रात्री थंडी वाजून ताप, अंग ठेचून काढल्यासारखं, डावा हात खांद्याच्या वर जाईना, आणि दुसऱ्या दिवशी काखेत बोराएवढी गाठ. पण तापाबरोबर डोकंही चालायला लागलं, की लस घ्यायला गेले तिथे दाटीवाटीत बसवलं होतं, पलीकडचा एक माणूस सारखा खोकत होता, मास्क हनुवटीवर, झालं, तिथूनच आणलं असणार मी. रात्री दीड वाजता बॉक्स फोडला. निगेटिव्ह. निगेटिव्हच येणार होतं, कारण सकाळी विषाणू आत गेला आणि रात्री किटवर उमटला असं होत नाही, ओमिक्रॉन आणि त्याच्या पिलावळीलाही लक्षणं दाखवायला साधारण तीनेक दिवस लागतात, सुरुवातीच्या अवताराला तर पाच-सहा लागायचे. आणि खरं सांगायचं तर टेस्टची गरजच नव्हती. लशीच्या त्रासात ताप येतो, अंग दुखतं, डोकं दुखतं, हात दुखतो, थकवा येतो, काखेत गाठ येते, आणि एक-दोन दिवसांत बहुतेक सगळं ओसरतं, गाठ तेवढी जरा रेंगाळते. नाक वाहणं, घसा धरणं, खोकला, वास जाणं, हे लशीच्या खात्यातलं नाही. यातलं काही दिसलं तर मग लशीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. हे दोन ओळीत पत्रकावर छापलं असतं तर माझ्यासारख्या अर्ध्या लोकांचे किट वाचले असते, पण पत्रक लशीबद्दल अवाक्षर काढत नाही.

इथेच आमच्या जाऊबाईंचा एक प्रश्न उरकून घेते, कारण तो मला नंतरही चार जणांनी विचारला. बूस्टर घेतल्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते का? नाही येत. एमआरएनए प्रकारची लस शरीराला फक्त विषाणूच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रोटीनचं, चित्र दाखवते, आणि घरचे हे किट बहुतेक सगळे शोधतात ते दुसरंच, न्यूक्लिओकॅप्सिड नावाचं प्रोटीन, जे विषाणूच्या पोटात असतं. आणि ज्या लशी अख्खा मारलेला विषाणू वापरून करतात त्या घेतल्या तरी सुई दंडात टोचलेली असते, काडी नाकात फिरते, तो माल दंडातून नाकात येत नाही. त्यामुळे बूस्टरनंतर दोन रेघा आल्या, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्या बूस्टरच्या नाहीत, त्या तुमच्या आहेत. अँटीबॉडीची रक्ताची टेस्ट ही वेगळी गोष्ट, तिचा आणि या किटचा संबंध नाही, लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

ताप दोन दिवसांत उतरला आणि मी एकदम बिनधास्त झाले. इतकी बिनधास्त की पुढच्या सोमवारी ऑफिसात एका बंद खोलीत, खिडक्या न उघडणाऱ्या, तीन तासांची मीटिंग केली आणि पहिल्या अर्ध्या तासात मास्क काढून ठेवला कारण मी एकटीच घालून बसले होते आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. बुधवारी रात्री ग्रुपवर मेसेज, "सॉरी लोकहो, माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली, जरा बघा." माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता तो. शेजारच्या! शनिवारी सकाळची तिकिटं.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पुढचे दोन दिवस कसे असतात ते सांगायला नको. थुंकी गिळली तरी घसा तपासला जातो. सकाळी उठल्या उठल्या साबणाचा वास घेऊन बघायचा. वास आला की आनंद, मग शंका, की नेहमीएवढा आला का? दर तासाला थर्मामीटर. आणि ताईचा रोज फोन, बॅग भरतेय, आईसाठी काय आणू, तुला काय आणू, आणि मी तिला सांगू की नको या विचारात "हो हो, आण काहीही" करत होते. सांगितलं तर उगाच सगळ्यांना घोर, नाही सांगितलं आणि मी घेऊन गेले तर? आईला ऑपरेशनच्या टेबलवर खोकला आला तर? बूस्टर घेतलाय ना मग काय होतंय, असं एक मन म्हणायचं, आणि दुसरं म्हणायचं की बूस्टर तुला दवाखान्यात जाऊ देणार नाही म्हणून घेतलास, तो विषाणूला दारातच अडवेल अशी हमी कुणी दिली होती? ते खरंच आहे. गंभीर आजारापासूनचं संरक्षण बराच काळ टिकतं, पण लागणच होऊ नये हे जे संरक्षण असतं ते तसंही पूर्ण नसतं आणि काही महिन्यांत ओसरतं. आणि माझ्या तर डोसला आठच दिवस झाले होते त्या मीटिंगला. तेरा दिवसांचा हिशोब घातला होता तो प्रवासाच्या दिवसासाठी, ऑफिसच्या सोमवारसाठी नाही.

गुरुवारी दुसरा किट. आता हा नीट केला, म्हणून कृती सांगते. किट गार असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा (साठवायचा 2 ते 30 अंशांत, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला असेल तर विसरा). नाक शिंकरून घ्यायचं, हात धुवायचे, काडी नाकपुडीत फार खोल नाही, साधारण दोनेक सेंटिमीटर, आणि भिंतीला घासत गोल फिरवायची, माझ्या पत्रकात प्रत्येक बाजूला पाच वेळा लिहिलं होतं, दोन्ही नाकपुड्यांत तीच काडी. मग नळीत घालून घुसळायची, नळी बाहेरून दाबत काढायची, टोपण लावायचं, कॅसेटच्या खळग्यात सांगितले तेवढेच थेंब. आणि घड्याळ लावायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, पुढे कळेल का ते.

आत जे होतं ते गर्भधारणेच्या घरगुती टेस्टसारखंच आहे, कागदाची पट्टी, तिच्यावरून द्रव चढतो, बरोबर रंगीत कणांना चिकटलेल्या अँटीबॉडी घेऊन जातो, विषाणूचं प्रोटीन सापडलं तर ते कण टी (टेस्ट) च्या रेघेवर अडकतात, आणि सी (कंट्रोल) ची रेघ काहीही झालं तरी उमटते. आता या सी च्या रेघेबद्दल माझा एक मोठा गैरसमज होता आणि पैजेवर सांगते तुमचाही असेल. मला वाटायचं सी आली म्हणजे टेस्ट बरोबर झाली. तसं नाही. सी आली म्हणजे द्रव पट्टीवरून नीट वाहिला आणि पट्टी शाबूत आहे, एवढंच. काडी तुम्ही नाकाला नुसती दाखवून नळीत बुडवली असेल तरी बहुतेक किटवर सी अगदी ठसठशीत येईल आणि तुम्ही निगेटिव्ह म्हणून आनंदाने फिराल. कंपनीने हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. अर्धा तारा मी इथेच कापलाय.

गुरुवारी निगेटिव्ह. शुक्रवारी दिवसभर ठणठणीत, बॅगा भरल्या, संध्याकाळी सातच्या सुमाराला घशाच्या डाव्या बाजूला काहीतरी... खवखव म्हणावं अशीही नाही, नुसती जाणीव की तिथे घसा आहे. एरवी घसा आहे हे आपल्याला कुठे माहीत असतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला दोन दिवस विचार करून करून आणलायस तू. मलाही तसंच वाटत होतं, खरं सांगते, कारण भीतीने घसा कोरडा पडतोच.

शनिवारी पहाटे पाचला तिसरा किट. पंधरा मिनिटं घड्याळ लावून समोर बसून राहिले, एक रेघ. निगेटिव्ह! नवऱ्याने गाडीत बॅगा ठेवायला घेतल्या. मी आंघोळ केली, दाराच्या कड्या बघितल्या, गॅस बंद केला, आणि निघता निघता बाथरूममधला दिवा मालवायला गेले तर कॅसेट बेसिनच्या कडेलाच पडलेली. सहज बघितलं. टी पाशी रेघ होती. म्हणजे होती आणि नव्हती. करडी, बारीक, डोळे बारीक केले की दिसायची, सरळ बघितलं की गायब. दिवा बदलून बघितला, खिडकीपाशी नेली, मोबाईलने फोटो काढून मोठा केला, फोटोत दिसते, प्रत्यक्षात नाही, मग उलटं. नवरा खालून हॉर्न वाजवतोय.

पत्रक उघडलं (ती घडी!). त्यात स्वच्छ लिहिलं होतं की 15 मिनिटांनी वाचा, 30 मिनिटांनंतर वाचू नका. मी वाचत होते तब्बल सव्वा तासाने. उशिरा वाचलं की पट्टी वाळताना कधी कधी रंग नसलेली सावलीसारखी रेघ उमटते, ती खरी धरायची नसते. पण वेळेत, पंधराव्या मिनिटाला, कितीही फिकट का होईना रंगीत रेघ दिसली तर मात्र ती पॉझिटिव्हच, "थोडीशी पॉझिटिव्ह" असं काही नसतं. आता माझी रेघ करडी होती की फिकट गुलाबी होती? पहाटेच्या उजेडात, रात्रभर झोप नाही, तुम्हीच सांगा. चौथा किट फोडला. यावेळी पंधरा मिनिटं डोळा हलवला नाही. एक रेघ, स्वच्छ.

मग जे झालं ते घराघरांत झालं असेल. स्पीकरवर ताई, तिकडून भावजी, मध्येच आई. ताई म्हणाली दोन टेस्ट निगेटिव्ह आहेत गं, अजून काय पाहिजे तुला, ये गुपचूप. भावजी म्हणाले मास्क लावून बसा आणि वेगळ्या खोलीत झोपा. नवरा म्हणाला तिकिटं परत मिळणार नाहीत. आई काही बोलेचना, आणि मग म्हणाली, "तुला काय वाटतं ते कर, पण रडू नकोस." मी रडत नव्हते तोपर्यंत. गंमत बघा, ज्या किटकडे मी उत्तर मागत होते त्याने चार वेळा "नाही" सांगितलं होतं आणि मी चारही वेळा त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मग कशाला विचारत होते? घसा खरा होता. शेजारची खुर्ची खरी होती. मी म्हटलं आम्ही येत नाही. नवरा बॅगा परत वर घेऊन आला आणि तास-दीड तास एक अक्षर बोलला नाही.

रविवारी नाक वाहायला लागलं. सोमवारी सकाळी पाचवा आणि शेवटचा किट, आणि यावेळी घड्याळ लावायचीही गरज पडली नाही, द्रव चढता चढताच टी ची रेघ उमटली, सी च्या आधी, गडद, जणू कुणी पेनने ओढलीय. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. भीती अशी मागच्या दाराने निघून गेली. आजारी होते, पण निदान वेडी नव्हते.

आता हे असं का होतं ते नंतर वाचलं आणि हे खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. हे किट "हो" म्हणतात तेव्हा बहुतेक खरं बोलतात, उगाच पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण अगदी कमी आहे. "नाही" म्हणण्यात मात्र कच्चे. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022 च्या मोठ्या आढाव्यात असं आलंय की लक्षणं असलेल्या खऱ्या बाधितांपैकी सरासरी 73 टक्के लोक हे अँटिजेन (म्हणजे विषाणूचं प्रोटीन शोधणारे) किट पकडतात, आणि लक्षणं नसलेल्यांमध्ये साधारण 55 टक्केच. म्हणजे गुरुवारी माझी टेस्ट जवळपास नाणं उडवल्यासारखीच होती! त्यात भर म्हणजे ज्यांना लस झालीय किंवा आधी होऊन गेलाय त्यांचं शरीर विषाणूला लवकर ओळखतं, त्यामुळे घसा, नाक हे आधी सुरू होतं आणि विषाणूचा भर नंतर दोन-तीन दिवसांनी चढतो. 2020 मध्ये लोकांना लक्षणं यायची तोवर भर चढलेला असायचा, आता घसा पहिल्याच दिवशी बोंब मारतो आणि किट म्हणतो मला तर काही दिसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, ऑगस्ट 2022 मध्ये म्हणूनच सांगितलं की लक्षणं असतील आणि पहिली निगेटिव्ह आली तर 48 तासांनी दुसरी करा, लक्षणं नसतील तर 48-48 तासांनी अशा एकूण तीन करा. माझं बघा, शनिवार पहाट निगेटिव्ह, सोमवार सकाळ पॉझिटिव्ह, अगदी 48 तास. शनिवारी पहाटेच दोन किट पाठोपाठ फोडले त्याचा काही उपयोग नव्हता, एकाच नाकाला एकाच तासात दोनदा विचारलं तर उत्तर बदलणार कसं.

म्हणजे गुरुवारी एक, शनिवारी एक, सोमवारी एक असे केले असते तर तीन किटमध्ये काम होतं. मी पाच उडवले.

आजार म्हणाल तर दोन दिवस ताप, चार दिवस घसा असा की गिळताना डोळ्यांत पाणी, मग नुसता थकवा. वास गेला नाही. बूस्टर नसता तर काय झालं असतं हे मला कधीच कळणार नाही, ते कुणालाच कळत नसतं, एका माणसाला एकदाच आजारी पडता येतं. नवऱ्याला झालाच नाही. त्याने बूस्टर घेतला नव्हता! दुसऱ्या खोलीत झोपला, खिडक्या उघड्या, जेवणाचं ताट दाराशी, घरात दोघांनाही मास्क, आणि नाही झाला. पुढचे पंधरा दिवस तो ज्या चेहऱ्याने घरात वावरत होता तो चेहरा मी विसरणार नाही. "तुझ्या बूस्टरनेच दिला तुला." मी म्हटलं कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, मीटिंगला तू होतास का शेजारच्या खुर्चीवर? एका घरातल्या दोन माणसांवरून लशीचा निकाल लावायचा तर मग काय बोलायचं.

दुसरा बॉक्स मागवावा लागला, कारण आता प्रश्न उलटा झाला, की यातून सुटले कधी? त्यासाठी हे किट खरंच कामाचे आहेत, आणि हे लोकांना माहीत नसतं. प्रयोगशाळेतली पीसीआर टेस्ट फार बारीक, विषाणूचे मेलेले तुकडे असले तरी पकडते, त्यामुळे बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि माणूस उगाच कोंडून राहतो. अँटिजेन किटला भरपूर माल लागतो, म्हणून तो पॉझिटिव्ह आहे तोवर तुमच्याकडून दुसऱ्याला लागायची शक्यता धरून चालायचं. गुरुवारी केली, सहावा दिवस, टी गडदच. पाचव्या दिवशी मोकळं व्हायचं असं जे डोक्यात बसलंय ना त्यावर मी तरी विसंबणार नाही. शनिवारी फिकट. दोन दिवस थांबून सोमवारी, दहाव्या दिवशी, एक रेघ.

याच बॉक्समधला एक किट वाया गेला तो मात्र डिझाइनमुळे. नळीच्या तोंडावरची चांदी, ती पातळ झाकणी, ओढताना चिवट निघते आणि मग एकदम सुटते, झालं, अर्धा द्रव माझ्या पायावर. मला वाटलं थोडं पाणी घालू. अजिबात नाही घालायचं. तो द्रव नुसतं पाणी नसतो, पट्टीवर आम्ल-अल्काचा तोल सांभाळणं हे त्याचं काम असतं, त्याच्याशिवाय थेट आंबट सरबत पट्टीवर टाकलं तरी टी ची रेघ येते, आणि शाळा बुडवायला पोरांनी ही युक्ती करून झालेली आहे. बॉक्समध्ये एक जादा नळी दिली तर काय बिघडतं? चष्म्याशिवाय वाचता न येणारी अक्षरं हा दुसरा मुद्दा. ज्या वयाच्या लोकांना याची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ते पत्रक वाचता येत नाही. टी च्या फिकट रेघेचं जे चित्र पत्रकात छापलंय ते सुद्धा चांगलं गडद आहे, खरी फिकट रेघ कशी असते ते दाखवायचं धाडस एकाही कंपनीने केलेलं मी बघितलं नाही.

तर साडेतीन तारे. घ्या, घरात ठेवा, एक्सपायरी बघून घ्या, माणशी तीन धरून घ्या. पण घसा दुखतोय आणि किट निगेटिव्ह म्हणतोय म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसू नका. तिकीट रद्द करायचं की नाही हा प्रश्न किटला विचारू नका, त्याला फक्त एवढंच माहीत असतं की या क्षणी नाकात किती आहे.

आईचं ऑपरेशन मंगळवारी झालं, मी नसताना, छान झालं. ताई होती, भावजी होते. मी इकडे खोलीत पडून व्हिडिओ कॉलवर आईच्या डोळ्यावरची पट्टी बघत होते. पुढच्या सोमवारी सकाळी एक रेघ आली तशी दुपारी निघाले, रात्री पोचले, मास्क लावून, आणि ताईचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. बारा दिवसांतली एक रात्र मिळाली आम्हाला. त्या रात्री बोलता बोलता शनिवारचा विषय निघालाच, ताई अजून थोडी फुगलेली होती की दोन दोन निगेटिव्ह असताना आली नाहीस, म्हणून मी मोबाईलवरचा तो फोटो काढून तिला दाखवला, त्या सव्वा तासाने वाचलेल्या कॅसेटचा. ताईने इकडून तिकडून फिरवून बघितला, मोठा केला, म्हणाली कुठाय रेघ, मला तर एकच दिसते, उगाच घाबरलीस. मग आईने फोन मागितला. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला, नवीन डोळ्यासमोर फोन धरला, आणि म्हणाली, "अगं, ही काय दुसरी. इथे आहे की."